बैलावर घातलेला आळ

महाड बंदरात होड्यांतून उतरलेलं मीठ आणि कौलं मी बैलगाडीनं पोलादपूरला पोचवायचो. परतीच्या वाटेवर दारूचं दुकान लागायचं. तिथे थांबल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही.

एकदा माझी सहा वर्षांची मुलगी हट्टानं बरोबर आली होती. येताना तिला गाडीत बसवून मी दुकानात शिरलो. पिऊन आलो, गाडी हाकायला बसलो आणि उतारावर मला झोप लागली. तिच्या ओरडण्यानं जाग आली. ती खाली पडली होती, चाक पोटावरून गेलं होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

गावाला मी सांगितलं, बैल बुजला. खरं वाटावं म्हणून सगळ्यांसमोर त्या बैलाला चाबकानं फोडून काढलं.

त्यानंतर मी सकाळपासूनच पिऊ लागलो. बायको बोलेनाशी झाली. पुढे पायाची जखम चिघळली, म्हणून सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. तिथे एक म्हातारी ख्रिस्ती बाई लोकांच्या जखमा धुवायची आणि येशूबद्दल सांगायची. चार दिवस तिनं माझा पाय धुतला. पाचव्या दिवशी मला रडू फुटलं, आणि बैलाचं खोटं मी तिला सांगून टाकलं.

तिनं फडकं पिळलं. "देवाला हे ठाऊक आहे, बाबा. तरी त्यानं तुला टाकलं नाही. आता घरी जाऊन सांग."

"बायको दारात उभा करणार नाय."

"तरी सांग."

घरी आलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. मी सांगितलं. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "त्या दिशी तुमच्या तोंडाला वास येत व्हता. बैलाला मारलात, तवाच माझं मन उडालं तुमच्यावरनं."

दारू सोडली तेव्हा आठ दिवस अंग थरथरत होतं. प्रार्थना धड येत नव्हती. "प्रभू, धर मला," एवढंच म्हणत पडून राहायचो. दोन महिन्यांनी पुन्हा प्यालो, पुन्हा त्या म्हातारीकडे गेलो. वर्षभरानं बाप्तिस्मा घेतला. धर्म सोडला म्हणून भावांनी आम्हाला पाणवठा बंद केला. त्याची शिक्षा बायकोलाही झाली. दूरच्या ओढ्यावरून ती मुकाट्यानं पाणी आणायची.

देवानं मला क्षमा केली, असा माझा विश्वास आहे. बायकोकडे क्षमा मागायला जीभ उचलली नाही. प्रार्थनेला ती कधी आली नाही. एका रविवारी मात्र मी प्रार्थनेला निघालो तेव्हा तिनं मुलीचं नाव घेतलं. कितीतरी वर्षांनी ते घरात ऐकू आलं.

"तिच्यासाठी बी देवाकडं मागा," म्हणाली.

मी मागितलं. अजून मागतो.