दादाचं पिंप

सत्तरी उलटली तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणत. थोरले जाऊन बावीस वर्षं झाली, आता हे धाकटे कुणापेक्षा, हे विचारायला बसलंय कोण? लग्नाचं राहूनच गेलं. संध्याकाळी वाईनरीतली माणसं आपापल्या घरी गेली की एवढ्या मोठ्या तळघरात उरायचे धाकटे, एक पिवळा बल्ब आणि ओळीनं मांडलेली लाकडी पिंपं.

दोघा भावांनी मिळून वाईनरी उभी केली आणि जन्मभर दोघं भांडले, तेही एकाच गोष्टीवरून. थोरल्यांना द्राक्षं तोडायची कोण घाई. वाईन कशी जिभेला चावली पाहिजे, म्हणायचे. धाकटे म्हणायचे, दादा, जरा दम धर, घड पुरते पिकू देत. पण ऐकतील तर ते थोरले कसले. शेवटच्या वर्षीची तांबडी वाईन त्यांनी आपल्याच हेक्यानं केली, पिंपात भरली, आणि एका दुपारी बसल्या जागी गेले. ते पिंप धाकट्यांनी विकलं नाही. वहिनी तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी निघाली, तेव्हा दारातच त्यांनी शब्द दिला, "ही मोठी झाली की बापाच्या हातची वाईन हिला पाजीन. तोवर मी राखतो."

आणि राखली की. पिंपात वर हवा साचली तर आतला माल आंबून जातो, म्हणून पिंप बुचापर्यंत भरलेलं ठेवायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. धाकटे रोज संध्याकाळी त्या पिंपातून एक पेला काढत, समोर स्टूल ओढून दादाशी दोन शब्द बोलत पीत, आणि कमी झालेलं शेजारच्या पिंपातल्या आपल्या वाईननं भरून टाकत. आता यात काय चुकलं? त्यांनाही काही चुकलंसं वाटलं नाही. उलट वर्षागणिक वाईन मवाळ होत चाललेली पाहून स्वारी खूश. "पटलं ना शेवटी माझं म्हणणं?" असं पिंपाला विचारायचे आणि मनापासून हसायचे.

पुतणी आली ती या एका घोटासाठीच. एक फोटो सोडला तर तिच्याकडे बापाचं काहीच नव्हतं. आवाजसुद्धा आठवत नाही, म्हणाली. धाकट्यांनी हौसेनं दोन पेले मांडले, एक आपल्या वाईनचा, एक दादाच्या. पोरीला कळू दे तरी, बाप काय चीज होता ते.

तिनं दोन्ही चाखले. पुन्हा चाखले.

"काका, दोन्ही एकाच पिंपातले काढलेत का?"

"डोकं फिरलंय का तुझं? नीट घे. बापासारखी घाई नको."

"तुम्हीच घेऊन बघा ना."

धाकट्यांनी घेतलं. दोन्ही वाईन शेजारी ठेवून त्यांनी कधी चाखल्याच नव्हत्या. आपली सकाळी, कामापुरती, आणि दादाची संध्याकाळी. पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि त्यांचा चेहराच उतरला. रोज एक पेला बाहेर आणि तेवढीच आपली भर आत. इतक्या वर्षांत पिंप किती वेळा उपसून झालं असेल, हे या धंद्यात केस पिकलेल्या माणसाच्या एकदाही डोक्यात येऊ नये? कमाल झाली. पण सोबतीची सवय लागली की माणूस हिशेब करत नाही.

"मग बाबांची वाईन कुठं गेली?" तिनं विचारलं.

"मीच प्यायलो," ते म्हणाले. "रोज थोडी थोडी. करमायचं नाही गं."

ती रागावली नाही, त्यामुळे त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाचा पेला पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "कशी लागायची?"

"आंबट. तोंड वाकडं व्हायचं बघ. मी तोंडावर सांगायचो त्याला, दादा, ही काय वाईन झाली?"

दादा आता आपल्याशी भांडत नाही, याचं इतकी वर्षं त्यांना केवढं समाधान होतं. तो कधीचाच उठून गेला होता, आणि हे एकटेच बसून आपलंच खरं करत होते.