दुष्काळी कामावरचं मुसकं

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, जत्रेत म्हातारीचे केस विकायचे. पायानं चाक मारायचं, खाली स्टोव्ह, वर बारीक भोकं पाडलेला डबा गरगर फिरायचा. आत साखर वितळली की भोकांतून तिचे तंतू उडायचे. बहात्तरच्या दुष्काळात जत्रा कसल्या, चहाला साखर मिळेना. यंत्र धूळ खात पडलं आणि मी पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले.

काम कसलं, मरण होतं ते. तोंडाला पदर बांधला तरी दगडाची भुकटी नाकातोंडात जायची. खोकल्याची उबळ आली की थांबायची नाही, थुंकी राखाडी पडायची. माझ्या शेजारी बसणारी बाई तशीच खोकून खोकून गेली. आता माझी पाळी, असं मी मालकांना तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उकिरड्यावरून प्लास्टिकचे फुटके कंगवे, साबणाच्या डब्या गोळा करून आणल्या.

"डोकंबिकं फिरलं का तुमचं?" मी म्हटलं.

त्यांनी ते तुकडे साखरेच्या जागी टाकले. आधी काळा धूर झाला, मग तंतू आले, कापसाहून बारीक. त्यांचा पातळ थर जुन्या धोतराच्या दोन घड्यांत शिवला, नाड्या लावल्या आणि माझ्या तोंडाला बांधला.

कामावरच्या बाया हसल्या. "मळणीचा बैल आला गं, मुसकं घालून." हसा म्हटलं. थोड्याच दिवसांत माझी थुंकी पांढरी झाली, आणि त्याच बाया मुसकं मागायला दारात आल्या.

मग रोज तेच. मालक वाकून चाक मारायचे, धूर थेट तोंडावर. डोळे लाल, घसा बसलेला.

"एक तुमीबी बांधा की," मी कितीदा सांगितलं.

"मला कशाला? मी काय खडी फोडतो व्हय?"

या उत्तराचा मला अजून राग येतो. माझ्यासाठी एवढी अक्कल चालवली, स्वतःच्या वेळी कुठं गहाण टाकली होती?

पाऊस झाला, काम सुटलं. मी ठणठणीत होते. त्यांना मात्र ओसरीवरून अंगणात जाईतो धाप लागायची. त्यांच्या शेवटच्या दुपारी चुलीचा धूर घरात कोंडला, ते तडफडायला लागले. मला दुसरं काही सुचेना. खुंटीवरचं माझं मुसकं काढलं आणि त्यांच्या तोंडाला बांधलं. त्यांनी ते लगेच खाली ओढलं.

"ह्यातनं हवाच येत न्हाई गं," म्हणाले.

मला त्यातनंच वर्षभर आली होती.