पायाळू मास्तरची कंबर

मी जन्मलो तो पायांकडून. आईला त्या वेळी काय यातना झाल्या असतील ते तीच जाणे, पण पुढे आयुष्यभर ती हे कौतुकानेच सांगत राहिली. पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण उतरते, असे आमच्याकडे सगळेच मानतात. त्यामुळे नाशकातल्या आमच्या गल्लीत मला लहानपणापासून मान होता. सकाळी मी तोंड धुण्याच्या आत कोणीतरी कंबर धरून ओट्यावर हजर असे. त्याने पालथे पडायचे, मी दुखऱ्या जागी उजव्या पायाने तीनदा हलकेच लाथ द्यायची, आणि तोवर दोघांनीही अवाक्षर काढायचे नाही. बदल्यात काही घ्यायचे नाही. सुपारीचे खांडसुद्धा घेतले तर गुण जातो. मोठमोठ्या माणसांना लाथा घालायच्या आणि वर त्यांचे आशीर्वाद घ्यायचे, ही सोय मला फार आवडे.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. मी एका शाळेत कवायत शिकवत होतो. स्नेहसंमेलनात मुलांचा मनोरा करायचा ठरला, तेव्हा सर्वांत खालच्या रांगेत कोण वाकणार यावर कुरबुर झाली. मी म्हटले, ‘बघा, असं वाकायचं,’ आणि स्वतःच वाकलो. पाठीवर मुले चढली, टाळ्या झाल्या, मुले उतरली. मी मात्र तसाच राहिलो.

त्यानंतर चार महिने कंबर माझी राहिली नाही. विटेचा शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला. पोरांना ‘खाली वाका’ म्हणायचे आणि आपण खांबाला धरून उभे राहायचे, ही कवायत हेडमास्तरांनी एकदा खिडकीतून पाहिली. मला बोलावून घेतले. मी सांगितले, कवायत काढून घ्या, बसून शिकवण्याचा एखादा विषय द्या. भूगोलाची जागा रिकामी आहे.

ते म्हणाले, ‘‘मास्तर, कंबर दुखते हे मला दिसत नाही. डॉक्टरचा दाखला दिसतो. महिनाअखेरपर्यंत तो आणा, नाहीतर कवायतीला दुसरा माणूस बघतो आणि तुम्हाला मोकळं करतो.’’

म्हणजे नोकरी आता एका कागदावर आली. रविवार कारंजा चौकाजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मुंबईची पदवी, दाराशी मोटार. मी आत जाऊन ‘कंबर’ एवढेच म्हणालो, तर ते म्हणाले, ‘‘जीभ दाखवा.’’ जीभ बाहेर असताना कमरेविषयी बोलता येत नाही. ती आत घेईपर्यंत कंपाउंडरने डोस मोजायला कागदाच्या खाचा चिकटवलेली गुलाबी औषधाची बाटली माझ्या हातात दिलेली. दुसऱ्या खेपेला तीच जीभ, तीच बाटली. दाखल्याचे नाव काढले तर म्हणाले, ‘‘वायू आहे. वायूचा दाखला देत नसतात.’’

तिसऱ्या खेपेला मात्र ते म्हणाले, ‘‘वाकून दाखवा.’’

चार महिन्यांत ज्या कमरेने मला जोड्याचा बंद बांधू दिला नव्हता, ती त्या क्षणी लोण्यासारखी वाकली. तळहात जमिनीला टेकले. मी स्वतःच चकित झालो.

‘‘मला नाही असं वाकता येत,’’ डॉक्टर म्हणाले.

आता गप्प बसावे की नाही? पण घाबरलो की माझी जीभ सुटते. मी म्हणालो, ‘‘डॉक्टरसाहेब, खोटं बोलणारा माणूस नाही मी. पायाळू आहे. गावाच्या उसणी मी काढतो.’’

‘‘मग इथं कशाला आलात? घ्या की एक लाथ आपली आपण मारून.’’

बाकावरचे सगळे रोगी हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. तशी मला सवयच आहे.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, ‘‘अहो, पायाळू असल्याचं तिथं सांगायला कोणी सांगितलं होतं?’’

‘‘ओघात आलं.’’

‘‘त्या ओघाला एकदा बांध घाला.’’

आठवडाभराने, उजाडता उजाडता, दवाखान्याचा कंपाउंडर दारात. हा सिन्नरकडचा, पन्नाशीचा गृहस्थ.

‘‘मास्तर, चला बिगीनं. मोटार चालू कराया दांडा फिरवाया गेले सायेब, न् कंबर भरली. लय दुखतंय.’’

‘‘त्यांनी बोलावलं मला?’’

‘‘त्यांनी नाय. त्यांच्या आईनं. सायेब नकोच म्हनत्यात, पन नको म्हनताना बी कळ येती त्यांना.’’

बायको मागून कुजबुजली, ‘‘आधी दाखला मागा, मग पाय उचला.’’

‘‘काही मागितलं की गुण जातो.’’

‘‘तुमची नोकरी गेली तरी चालेल, गुण जायला नको,’’ असे म्हणून ती चुलीकडे वळली.

डॉक्टर सतरंजीवर पालथे पडले होते. उशाशी त्यांची आई बसली होती. डॉक्टरांनी मला पाहून तोंड भिंतीकडे फिरवले. मी मनातल्या मनात फार थोर झालो. भिंतीला हात टेकून पहिली लाथ दिली, दुसरी दिली. तिसऱ्या वेळी रुबाबात भिंतीचा हात सोडला, पाय उचलला आणि कमरेत वीज चमकली. मी डॉक्टरांच्या शेजारी पालथा पडलो.

आमची तोंडे समोरासमोर आली.

‘‘कुठं?’’ डॉक्टरांनी विचारले. तीन खेपांत न विचारलेला हा प्रश्न त्यांनी आता पहिल्यांदा केला.

‘‘डावीकडे. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाते.’’

‘‘खोकलं की?’’

‘‘जीव जातो.’’

त्यांनी पडल्या पडल्याच हात लांब करून माझ्या कमरेवर दोन बोटे दाबली. मी ओरडलो. ‘‘हा वायू नव्हे,’’ ते हळूच म्हणाले आणि कंपाउंडरला हाक मारली, ‘‘कागद आण. मास्तरांना दाखला द्यायचा आहे.’’

आणि मी शहाणा म्हणालो, ‘‘नको. लाथेच्या बदल्यात काही घेता येत नाही.’’

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. कंपाउंडर कागद धरून उभाच. तेव्हा डॉक्टरांची आई बोलली, ‘‘मास्तर, मी मोजत होते. लाथा दोनच बसल्या. तिसरीच्या आधी तुम्ही पडलात. उतारा पुरा झालाच नाही, मग बदला कसला? गपगुमान कागद घ्या.’’

मी पडल्या पडल्या मान डोलावली. डॉक्टरांनी पालथे पडूनच, माझ्या कानाजवळ टाक कुरकुरवत दाखला लिहिला: कवायत बंद, उभे राहणे बंद. मग मला उताणे करून गुडघे पोटाशी कसे धरायचे ते तोंडाने सांगितले. त्याने पुष्कळ बरे वाटले. दोन माणसांनी मला टांग्यात घातले.

तीन दिवसांनी बाकाला धरत धरत मी हेडमास्तरांपुढे उभा राहिलो. त्यांनी दाखला वाचला, आडवा धरून पुन्हा वाचला.

‘‘अक्षर असं का?’’

‘‘झोपून लिहिलंय.’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी थट्टा करतोय असे त्यांना वाटले असावे, पण शिक्का खरा होता. त्यांनी कागद खणात ठेवला.

‘‘उद्यापासून भूगोल. येतो ना तुम्हाला?’’

‘‘बसल्या बसल्या शिकेन,’’ मी म्हणालो.