बंबू बेडकाची तपासणी

जगात निर्दोष असं काही नसतं, हे साधुसंतांना आयुष्यभर तप केल्यावर कळतं. आमच्या साडूंना ते नुसतं बघून कळतं. माझ्या थोरल्या मेहुणीचा हा नवरा मूळचा लातूरकडचा. तरुणपणी नोकरीसाठी इकडे आला, चिखलीत घर केलं आणि चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायला उभा राहिला. कंपनीतून माणूस संध्याकाळी घरी येतो, पण ह्यांची तपासणी घरी आल्यावरही सुरूच राहते. ताटात भाकरी पडली की ती आधी डोळ्यांसमोर आडवी धरून बघतात. देवळात गेले तर हात जोडण्याआधी मान तिरकी करतात आणि पुजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणतात, "देव डावीकडं कललाय." माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाचे खांब हलवून बघत होते. नवऱ्या मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर मी त्याच दिवशी रिजेक्ट झालो असतो.

भोसरीत आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला साडू खिशात काचेची गोटी घेऊन आले. होम पेटला होता, धुराने सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि साडूंनी हॉलच्या मधोमध गोटी सोडली. गोटी क्षणभर विचारात पडली आणि मग ठाम निर्णय घेतल्यासारखी स्वयंपाकघराकडे निघाली. मंत्र म्हणता म्हणता भटजीही तिच्याकडे बघायला लागले. जेवायला म्हणून आलेला बिल्डरचा माणूस न जेवताच गेला. "राव, घर चांगलंय," साडू मला म्हणाले, "फक्त पाणी सांडलं तर बायकोकडंच जाईल, एवढं ध्यानात ठेवा." ते आजही तसंच जातं.

अशा ह्या माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीला माप लावलं नव्हतं. ती म्हणजे टीव्हीवरचं एक कार्टून, 'बंबू बेडूक'. अग्निशामक दलात नोकरीला असलेला एक बेडूक आणि त्याचा मित्र, एक कासव. बेडूक आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. कासव उशिरा येतं, पण पाण्याचा पाइप घेऊन येतं. साडूंची मुलगी लहान असताना त्यांची दुपारची शिफ्ट असली की सकाळी बापलेक मांडीला मांडी लावून हे बघत बसायचे. एकदा मी म्हणालो, "भाऊ, बेडकाला हेल्मेट कुठल्या मापाचं बसतं हो?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा त्या विषयात पडलो नाही.

तीच मुलगी मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली आणि हिंजवडीत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. आणि योग असा, की त्या कंपनीने बंबू बेडकावरच गेम काढायचं ठरवलं. पोरीने रात्रीचा दिवस केला. गेम बाजारात आला, त्या रविवारी मेहुणीने सगळ्या नातेवाइकांना बासुंदी-पुरीला बोलावलं. टीव्हीला यंत्र जोडलं, पडद्यावर बंबू आला, आणि आम्ही सगळे एका सुरात "छान, छान" म्हणालो. खेळून कुणीच बघितलं नव्हतं. आमचं लक्ष बासुंदीकडे होतं.

"पप्पा, तुम्ही खेळून बघा ना," मुलीने त्यांच्या हातात रिमोट दिला.

साडूंनी चष्मा पुसला. पडद्यावर बेकरीला आग लागली होती, खिडकीतून एक म्हातारी मदतीसाठी ओरडत होती. साडूंनी बेडकाला उलट्या दिशेला नेलं आणि समोरच्या भिंतीवर आपटलं. मग शेजारच्या भिंतीवर. मग तिच्या शेजारच्या. गाव जळत होतं आणि साडू भिंती तपासत होते. पाण्याच्या टाकीजवळ बेडूक कमरेपर्यंत भिंतीत शिरला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हितं पोकळी हाय," ते म्हणाले.

आम्ही हसलो. मुलगीही हसली. साडू पुढे निघाले. "सूर्य हिकडं, मंग सावली बी हिकडंच कशी पडायलीय? हे घर अन् ते घर एकच हाय, नुसता रंग बदललाय. बेकरीला आग लागली अन् आतला एक पाव जळंना." प्रत्येक वाक्यागणिक पोरीचं हसू थोडं थोडं आटत होतं. मेहुणी त्यांच्या ताटात पुऱ्या वाढत होती, म्हणजे तोंड भरेल आणि बोलणं थांबेल. पण साडू बासुंदीलाही बधले नाहीत. शेवटी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, "कासव कुठाय?"

"सुरुवातीच्या चित्रात आहे, पप्पा. कोपऱ्यात."

"चित्रात नको. खेळात कुठाय? कासवाबिगर ह्यो बेडूक म्हणजे नुसता उड्या मारणारा येडा हाय."

मुलगी उठली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मेहुणी म्हणाली, "सगळे गोड बोलले. बापालाच जमलं नाही." साडू खरोखर बुचकळ्यात पडले होते. "मी बेडकाला बोललो. तिला कुठं काय बोललो?" असं ते मला विचारत राहिले. बापलेकीचं बोलणं बंद झालं. तो अबोला लांबत गेला, आणि तेव्हा जे घडलं त्यावर त्यांच्या कंपनीतले लोक अजून विश्वास ठेवत नाहीत. साडूंनी रजा टाकली.

मी समजूत घालायला गेलो, तर हे टीव्हीसमोर बसलेले. अंगठ्याला चिकटपट्टी, डोळे लाल. मी म्हणालो, "भाऊ, आता अजून किती चुका काढणार?"

"चुका कशाला? त्या काढून झाल्या," पडद्यावरची नजर न हटवता ते म्हणाले. "चांगलं बी तपासावं लागतंय की. कंपनीत बिघडलेला माल चारजण हातात घेऊन बघतेत. चांगल्याला कुणी हातच लावत न्हाई, तो गप पुढं जातोय."

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. चपला काढून सरळ खोलीकडे निघाली होती, पण साडूंनी तिला विचारलं, "ही उडी कुणी केली?"

ती थांबली. "कुठली?"

"बेडकाची. वर जाताना भर्रकन जातंय, अन् वर गेल्यावर इवलुसं थांबतंय. तिथं माझं बी बूड वर उचलतंय. कुणाचं काम?"

"माझं."

"अन् हारल्यावर? दुसरे खेळ माणसाला हासतेत. ह्यो खाली बसतो, पोट खाजवतो, परत उठतो. मला एकदाबी राग आला न्हाई हारल्याचा."

"ते पण मीच केलं," ती म्हणाली, आणि तिने बॅग खाली ठेवली. "आणि पप्पा, कासवही केलं होतं मी. पूर्ण केलं होतं. वरच्यांनी काढायला लावलं. हळू चालतं, म्हणाले. पोरं कंटाळतील."

साडू उठून उभे राहिले. आयुष्यात इतकं संतापलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. "कासव हळूच चालणार की! चल, कुठाय तुझा साहेब? मी येतो उद्या हिंजवडीला." मेहुणीने त्यांना खाली बसवलं. मुलगी हसत होती आणि डोळेही पुसत होती. मग तिने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि ते काढून टाकलेलं कासव बापासमोर ठेवलं.

साडूंनी त्याला गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं. फार वेळ लागला. चहा झाला, निवला, पुन्हा गरम झाला. पण आमच्यापैकी कुणी जागचं हललं नाही. कासवाने बेकरीपाशी पोचून पाइप सोडला तेव्हा साडू पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "कवच जरासं उजवीकडं सरकलंय." पोरीने त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

पुढे तिला बेंगळुरूला चांगली जागा मिळाली. जावंच लागणार होतं, गेली. स्टेशनवर साडू तिच्या बॅगेची चाकं तपासत बसले आणि गाडी सुटताना हात हलवायचा राहून गेला, असं मेहुणी सांगते.

त्या गेममध्ये वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या दोघांना एकत्र खेळायची सोय आहे. दर रविवारी दुपारी बापलेक खेळतात. मागच्या रविवारी मी गेलो, तर साडू रिमोट मांडीवर ठेवून नुसतेच बसले होते. पडद्यावर संध्याकाळ झाली होती आणि गावाच्या वेशीवर त्यांचा बेडूक एकटाच उभा होता.

"खेळत का नाही, भाऊ?"

"तिला काम निघालं. येते म्हणलीय," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी सरकून जागा केली. "बसा की. वाट बघू."