एरवी मॅडम

आमच्या एरवी मॅडम बोललेलं मागे घेत. चारचौघांत ठासून सांगितलेली गोष्ट त्याच चारचौघांना शोधून काढून मागे घेत. माणसं पांगली असतील तर एकेकाला फोन करत. "मघाशी म्हणाले ना, शुक्रवारी लॅब रिकामी असते? ते मागे घेते. हा शुक्रवार वेगळा आहे." पलीकडचा माणूस ते केव्हाच विसरलेला असे. मॅडमना मात्र फोन होईपर्यंत चैन पडत नसे.

कोपरगावजवळ उसाच्या मळ्यांत आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथे आम्ही दोघी संगणक विभागात शिकवत होतो. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. मूळच्या शेवगावच्या, आई दवाखान्यात नर्स. रविवारी चर्चमधून परस्पर कॉलेजात येत आणि रिकाम्या वर्गात फळ्यासमोर येरझारा घालत. खुर्चीत सलग बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. चहाचा कप कुठल्या खिडकीत ठेवला ते आठवत नसे, की दुसरा मागवत. बोलण्यात दर वाक्याला 'एरवी', म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "एरवी मी रागावले असते."

संगणकाला जगातल्या गोष्टींची वर्गवारी समजावून द्यायची आणि तीवरून त्याला अनुमान काढायला लावायचं, हा त्यांचा विषय. गावोगावच्या दवाखान्यांना उपयोगी पडावी म्हणून सर्पदंशाची माहिती त्यांनी भरायला घेतली. नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे विषारी साप. विषारी साप चावला की सूज येते. मण्यार चावली की सूज येत नाही. एवढं भरून त्यांनी उत्तर मागितलं. संगणक तर्काला चोख. त्याने सांगितलं, मण्यार नावाचा साप असूच शकत नाही.

माहिती सांगायला आलेला नेवाशाचा सर्पमित्र शेजारीच बसला होता. "असू शकत न्हाई कसं म्याडम? परवाच धरलीया मी. बरणीत हाय, दावू का?"

मॅडम हसल्या नाहीत. "याला 'नेहमी' कळतं," त्या मला म्हणाल्या, "'एरवी' कळत नाही."

पुढची दोन वर्षं त्या त्याला 'एरवी' शिकवत राहिल्या. विषारी साप चावला की एरवी सूज येते; पण अधिक नेमकं काही कळलं, तर आधी काढलेलं अनुमान सोडून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. गणितातली सिद्धता नवी माहिती आली म्हणून खोटी पडत नाही. इथे मात्र एक गोष्ट जास्त कळली की कालचं उत्तर गळून पडतं. मण्यार असते, हे संगणकाने मान्य केलं. पण सुजेच्या बाबतीत ती वेगळी म्हटल्यावर त्याने तिला विषारी सापांच्या बाकीच्या सगळ्या नियमांतूनही वगळलं. विषारी दंशावर एरवी प्रतिविषाचं इंजेक्शन द्यायचं. मण्यारीचं विचारलं की तो गप्प. "एका गोष्टीत निराळी निघाली, तर तिचं सगळंच काढून घेतलं यानं!" असं म्हणत मॅडम व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. मुलं बाजूला होऊन वाट देत.

जुलैतल्या एका सकाळी मी स्टाफरूममध्ये सहज म्हणाले, "अण्णांचं पोट दुखतंय पहाटेपासून. दादाचा फोन होता." माझे वडील आणि भाऊ नेवाशाजवळच्या आमच्या गावी असतात.

"या वयात एरवी ॲसिडिटीच असते," मॅडम म्हणाल्या. मी तासाला गेले.

पंधरा मिनिटांत त्या माझ्या वर्गात घुसल्या. साठ मुलांसमोर, हातात खडू तसाच. "मघाचं मागे घेते. अण्णा झोपतात कुठे?"

"पाठ दुखते म्हणून खाली. जमिनीवर."

"फोन लाव."

दादाने उचलला. मी अण्णांना फोन द्यायला सांगितलं. "आगं त्यांना लई झोप आलीया. डोळंच उघडंना. म्हनलं पडू द्यावं."

मॅडमनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. त्यांची शेवगावची बोली एकदम वर आली. "ती झोप न्हाई रे! मन्यार चावलीया. रातच्याला भुईवर निजलेल्याला चावती ती, आधी पोट दुखतं, मग डोळं मिटत्यात. खूण दिसायची न्हाई, सूज बी न्हाई. गाडी काढ, आत्ताच्या आत्ता!"

अण्णांना नगरला नेलं. पोचेपर्यंत त्यांना थुंकी गिळता येत नव्हती. इंजेक्शनं दिली, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. सहाव्या दिवशी नळी निघाली. मॅडम रोज यायच्या, बाकावर न टेकता वॉर्डाबाहेर उभ्या राहायच्या.

"बाई, वाचलो की मी तुमच्यामुळं," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही वाचलात म्हणून माझं पहिलं उत्तर बरोबर ठरत नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. "ती पंधरा मिनिटं मी घालवली."

मी किती समजूत घातली, पण ती पंधरा मिनिटं त्यांनी सोडली नाहीत. वजन उतरलं.

हिवाळ्यात कॉलेजने सर्पदंशाचा तो प्रोग्राम पाहुण्यांना दाखवून दवाखान्यांना द्यायचं ठरवलं. मॅडमनी नकार दिला. प्राचार्य त्यांना समजावत होते, "मॅडम, तो चुकीचं तर काही सांगत नाही ना?"

"गप्प बसतो, सर. दवाखान्यात गप्प बसणं हेही उत्तरच असतं."

समारंभ रद्द झाला. वर्षअखेरीस त्यांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. हैदराबादेत त्यांना संशोधनाचं काम मिळालं. सामान म्हणजे दोन बॅगा आणि कागदांचं एक खोकं.

कोपरगाव स्टेशनवर अण्णा मुद्दाम आले होते, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. गाडी येईपर्यंत मॅडम फलाटावर फेऱ्या मारत राहिल्या आणि अण्णा काठी टेकत शेजारून चालत राहिले.

"बाई, त्या मशीनला मन्यार समजली का वो?"

"अर्धीच, अण्णा."

"मग जावा. ऱ्हायलेली शिकवा."

गाडी हलली तेव्हा त्या दारातून मला काहीतरी सांगत होत्या, नियमांचा क्रम उलटा लावून बघ, असं काहीसं. पुढचं ऐकू आलं नाही.

त्यांच्या कागदांची एक प्रत माझ्याकडे आहे. मी ती नुसती चाळायला म्हणून घेतली होती. आता शिकवून घरी आले की तीच उघडते, क्रम उलटा लावते, सुलटा लावते. अण्णा दर रविवारी फोनवर विचारतात, "झालं का गं?" मी सांगते, "नाही अजून." जेवण गार होतं, आणि मी उठून पुन्हा फिरायला लागते.