लाइन गेली की चंपतकाका

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात, हे मला आता कळलं. चंपतकाकांच्या तेरवीच्या पंगतीत माझ्या डावीकडे एक किस्सा चालू होता, उजवीकडे दुसरा, आणि दोन्हींत मी होतो म्हणे. एकात तर मी टीव्हीचा अँटिना धरून लिंबाच्या झाडावर बसलो होतो. मी जन्मात झाडावर चढलेलो नाही. घरी आलो तर ओट्यावर तिघं वाट पाहत बसलेले. "मास्तर, तुमी तं होते ना तिथं, खरं काय ते सांगा."

महिना झाला, रोज कोणी ना कोणी येतं. मी थकलो, खरंच थकलो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे यापुढे आलेल्याच्या हाती कागद देऊन मला झोपता येईल.

ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. आमचं गाव जामच्या फाट्यापासून आत. पंचायतीला टीव्ही मिळाला तो पांढराकाळा, लाकडी पेटीतला, पेटीला कुलूप. किल्ली चंपतकाकांकडे, कारण त्यांचं घर पंचायतीला लागून. दिवसा ते वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, फाट्यावर नेऊन विकत, संध्याकाळी पेटी उघडत. आणि आमच्याकडची लाइन, म्हणजे वीज, रविवारच्या सिनेमात नेमकी मध्यावर जायची. गाव जमायचं टीव्ही पाहायला, पण बारा-बारा वाजेपर्यंत बसायचं ते लाइन गेल्यावर चंपतकाका जे करायचे त्यासाठी.

*

हे सुरू कसं झालं, ते आधी.

पहिल्याच महिन्यात सिनेमा रंगात आला आणि लाइन गेली. लोक शिव्या देत उठले. काकांनी कंदील लावला, टीव्हीच्या पुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बसा ना. पुढचं मी सांगतो."

मी विचारलं, "काका, तुम्ही पाह्यला का हा पिच्चर?"

"पाह्याले काय लागते, मास्तर? दोघं भाऊ जत्रेत हरवले हायेत, ते सापडतीनच. कुठं सापडते तेवढं मले ठरवाचं हाये."

त्या रात्री ते भाऊ समुद्रपूरच्या बाजारात वांग्यांचा भाव करताना सापडले. बायका पदर डोळ्याला लावून घरी गेल्या.

*

भानगड व्हायची ती लाइन परत आली की.

एकदा काकांनी व्हिलनला विहिरीत ढकलून मारलं. नुसतं मारलं नाही, त्याची तेरवीही उरकली. आणि लाइन आली. पडद्यावर व्हिलन मजेत सिगारेट ओढत उभा.

लोक चिडले, आणि ते टीव्हीवर. काकांकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. पुढच्या रांगेतला नत्थू उठून म्हणाला, "काऊन बे, हा मेलता ना आत्ताच?"

काका शांतपणे म्हणाले, "मेलता. पण तिकडे मुंबईत बातमी पोचाले टाइम लागते."

*

सिनेमाचं एक वेळ ठीक. पुढे पुढे बातम्यांच्या वेळीही लाइन जायला लागली, मग काका बातम्याही देऊ लागले. कंदील डाव्या हाताला, मान ताठ, चेहऱ्यावर दिल्लीवाल्यांची ती सुतकी कळा. "नमस्कार. ठळक बातम्या. रामाजीची म्हैस परवापासून बेपत्ता. शाळेच्या छपराची कवेलू यंदाबी गळून राह्यली, मास्तर पाहतो म्हणाले. आन सरपंचायचे जवाई रुसून वर्ध्याले निघून गेले."

पहिल्या दोन बातम्या खपल्या. तिसरीला सरपंच स्वतः हजर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांकडून किल्ली काढून घेतली.

आठ दिवस सरपंचांनी पेटी उघडली, आठ दिवस टीव्हीपुढे तेच बसले. माणसं येईनात. नवव्या दिवशी ते काकांच्या दारात आले. मी तिथंच चहा घेत होतो, म्हणून हे ऐकीव नाही. किल्ली पुढे करून म्हणाले, "घ्या चंपतराव. माही बायकोबी येऊन नाई राह्यली."

काकांनी किल्ली घेतली आणि विचारलं, "जवाई आले का वापस?"

"आले."

"मंग आज ते सांगू."

*

एवढा बोलका माणूस, पण घरी तोंड उघडायचा नाही. अनसूयाकाकू, म्हणजे त्यांची बायको, सगळ्या गावाला सांगत सुटायची, "घरी ईस वर्सांत ईस वाक्यं बोलले असतीन. त्यातली धा तं मीठ कमी हाये, ही."

एकदा काका दळण आणायला म्हणून घरून निघाले आणि वाटेत पंचायतीत अडकले. लाइन गेली, कंदील लागला, बातम्या सुरू झाल्या. काकू तणतणत आली आणि बायकांच्या बाजूनं ओरडली, "दळणाचंबी सांगा म्हणा बातम्यात!"

काका आवाज बदलून, टीव्हीवरच्या हरवलेल्या माणसांच्या कार्यक्रमातल्यासारखं म्हणाले, "आता आपण यांना पाहिलंत का. नाव चंपत. उंची पाच फूट. रंग सावळा. अंगात बंडी, डोक्यावर गव्हाचा डबा. सांजच्यापासून घरून गेलेले हायेत. कोणाले सापडल्यास बायकोले कळवू नये."

हसून हसून लोक आडवे झाले. काकूही हसली. मग डबा स्वतःच्या डोक्यावर घेऊन चक्कीवर गेली.

*

आता पुढचं. हे मला पंगतीत कोणी सांगितलं नाही, आणि लिहायचा मलाही कंटाळा येतोय.

काकांचा आवाज बसला. आधी वाटलं बोलून बोलून. मग थुंकीत रक्त आलं. मी त्यांना वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. पाच चकरा झाल्या, दर वेळी फाट्यावर दोन-दोन तास बस नाही. पाचव्या चकरेला डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गळ्याचा कॅन्सर. आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल, आवाज नाही.

काकांनी विचारलं, "आन नाई काढली तं?"

"वर्षभर. फार तर."

काका म्हणाले, विचार करून सांगतो. बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. मला त्यांचा राग आला होता, तो मी लपवला नाही. "यात विचार कसला करता?"

"मास्तर, मुका होऊन मी करू काय?"

"वांगी विका."

"वांगी विकालेबी आवाज लागते."

या चकरेला काकूही सोबत आली होती, बाजूला बसलेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. ती उठली, एकटीच आत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "करून टाका आपरेशन. माह्याशी तसेबी बोलत नाई. मले माणूस पायजे."

काकांनी हे दारातून ऐकलं. आत गेले आणि सही केली.

*

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला खाली भोक, त्यावर पांढरा दुपट्टा. घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्याकडे पाठवून दिली आणि पंचायतीकडे फिरकेनात. संध्याकाळी दार लावून बसायचे. काकू मला म्हणायची, "मास्तर, जेवत नाई हो. भिंतीकडे पाहत राह्यतात."

पेटी मी उघडायला लागलो. लाइन गेली की लोक मुकाट उठून घरी जायचे. एकदा मीही प्रयत्न केला. कंदील घेतला, पुढे उभा राहिलो, म्हटलं पुढचं मी सांगतो. पंचवीस वर्षं मुलं शिकवलीत मी. पाच मिनिटांत लोक अंधारात चपला शोधायला लागले.

दोन-अडीच महिन्यांनी एका रविवारी काका आले. काकूनं बळंच आणलं होतं. त्यांना पुढे बसवून ती बायकांत जाऊन बसली. नत्थूनं सरकून जागा दिली. सिनेमा सुरू झाला. मी मनात म्हणत होतो, आजच्या दिवस लाइन नको जाऊ दे रे बावा.

गेली.

अंधार. कोणी उठेना, आणि बसावं तर कशासाठी, तेही कळेना. मी खिशात काडीपेटी चाचपत होतो, एवढ्यात पुढे काडी ओढल्याचा आवाज आला. काकांनी कंदील लावला आणि उभे राहिले.

तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा आली, फस्स करून. त्यांनी दुपट्टा दाबला, पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मला पाहवेना, मी खाली पाहू लागलो.

मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी फिसकन हसलं. वर पाहिलं तर काकांनी दुपट्टा डोक्यावर घेतला होता आणि सिनेमातल्या सासूसारखे कंबरेवर हात ठेवून चालत होते. मग ते सून झाले. मग रुसून निघालेला नवरा झाले, आणि पायात नसलेले बूट इतक्या रागानं घातले की नत्थू मांड्या बडवायला लागला. मागे बसलेले लोक दिसेना म्हणून उभे राहिले, त्यांच्या मागचे बाकावर चढले. ओठ सगळा वेळ हलत होते. सासू सुनेला काहीतरी बोलली आणि सगळ्या बायका एकदम "अगं माय" म्हणाल्या. काय बोलली ते मला अजून ठाऊक नाही.

नवरा दारातून परत फिरणार, एवढ्यात लाइन आली.

टीव्ही दणकन सुरू झाला. हिरो गळा काढून गात होता, सगळ्या खोलीभर आवाज. काकांचे हात तसेच वर राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, कंदिलाची वात बारीक केली आणि बाजूला सरले.

बायकांतून अनसूयाकाकू म्हणाली, "मास्तर, बंद करा ते. हे बोलून राह्यले ना."

मी उठलो आणि टीव्ही बंद केला.