जायाचा शब्द, यायाचा शब्द

मी भिंगारच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. भाऊ फौजेत होता आणि आई जामखेडजवळच्या आमच्या गावी एकटीच राहायची. फोनवर भावाचं एकच पालुपद असे, लीव्ह मिळाली की येतो. त्या वर्षी त्याची रजा दोनदा मंजूर होऊन रद्द झाली.

उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी गेले होते. आई परसातली चूल लिंपत बसली होती. मातीचे हात तसेच ठेवून तिनं विचारलं, "तू पोरान्ला शिकवतीस, लीव म्हंजी सोडून जानं. अन् त्यो म्हनतो, लीव भेटली की येतो. मग ह्यो शब्द जायाचा हाय का यायाचा?"

इतकी वर्षं शिकवत होते, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. परतल्यावर एका कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन शब्दांची मुळं सांगणारा जाडजूड कोश काढला. ते दोन वेगळेच शब्द निघाले, दिसायला तेवढे सारखे. रजेचा लीव्ह म्हणजे मुळात परवानगी. त्याचं आणि आपल्या 'लोभ'चं मूळ एकच. सोडून जाण्याचा लीव्ह पूर्वी 'मागं राहू देणं' या अर्थाचा होता, आणि त्याचं मूळ थेट आपल्या 'लेप'ला, 'लिंपण्या'ला जाऊन भिडत होतं. म्हणजे चिकटून राहणं.

पुढच्या खेपेला आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी जानारा जातो, अन् चिकटलेलं हितंच ऱ्हातं. बराबर हाय."

भाऊ दिवाळी उलटल्यावर आला, वीस दिवस राहिला. तो निघाला तेव्हा आई फाट्यापर्यंत गेली. एसटी दिसेनाशी झाली तरी ती हलली नाही. एरवी मी लगेच घरी चल म्हणायचे. त्या दिवशी म्हटलं नाही.

आता तो निवृत्त झालाय. पुण्यात स्वतःचं छोटं दुकान टाकलंय, बायकोमुलं तिथंच. कुणाची मंजुरी लागत नाही, तरी येणं पूर्वीपेक्षा कमीच झालंय. गेल्या रविवारी मी गावाहून त्याला फोन लावला. पुढच्या महिन्यात बघतो, म्हणाला. आईनं सकाळीच त्याची गोधडी उन्हात घातली होती. तो काय म्हणाला हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोघींनी मिळून गोधडी उलटी केली.